राजमतीच्या मुंग्या

उचगावात बंद पडलेल्या एका फौंड्रीच्या मागे जुना औदुंबर आहे. २००४ साली दिवाळी झाल्यावर दर गुरुवारी सकाळी सातच्या आत त्या झाडाखाली चाळीस-पन्नास गरोदर बायका रांगेत बसलेल्या दिसू लागल्या. प्रत्येकीच्या हातात बाटली. कुणाची खोकल्याच्या औषधाची, कुणाची सरबताची, एकीकडे तर लोणच्याची बरणी. एका हौशी बाईने बाटलीला लोकरीचं झबलं विणून घातलं होतं. आत काय होतं ते स्पष्टच सांगतो, सकाळची पहिली लघवी. महाराज तिला ‘पहिलं पाणी’ म्हणत, आणि बायका ती पदराखाली झाकून, साजूक तूप न्यावं तशी जपून आणत.

महाराजांचं पूर्ण नाव शर्कराहर महाराज. लोक मुंगीबाबा म्हणत. गरोदर बाईच्या अंगात शिरलेली साखर ते तीन गुरुवारांत काढून टाकतात आणि पोटातलं बाळ पैलवान करून देतात, असा बोलबाला होता. आवाज इतका खणखणीत, की लाउडस्पीकर भाड्याने आणावा लागत नसे.

“आयाबायांनो, डॉक्टर काय करतोय? रक्त काढतोय. रक्त कुणाचं? तुमचं. त्यात वाटेकरी कोण? बाळ. मग डॉक्टरानं कुणाचं रक्त काढलं?”

“बाळाचं!” रांग ओरडे.

“आन् मी काय मागतोय? जे तुम्ही टाकूनच देताय ते! आता मला सांगा, मुंगी खोटं बोलती व्हय? मुंगीला कमिशन मिळतंय व्हय? मुंगी कुठल्या पार्टीची हाय व्हय?”

तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘न्हाय’ असंच असल्यामुळे सभेत एकमत व्हायला वेळ लागत नसे.

पद्धत साधी होती. पहिल्या गुरुवारी परीक्षा. महाराजांचे शिष्य गणपतराव प्रत्येकीचं पाणी एकेका पणतीत ओतून झाडाखाली मांडत. औदुंबराखाली पिकलेली उंबरं पडलेली, त्यामुळे मुंग्यांना तोटा नव्हता. अर्ध्या तासात पणत्यांच्या कडा काळ्याभोर होत. “साखर हाय!” महाराज गर्जत. दुसऱ्या गुरुवारी प्रसाद, म्हणजे पेलाभर दुधात काकवी आणि वर तुपातला लाडू. साखर काढायला काकवी कशी, असं एकीने विचारलं, तेव्हा महाराज हसले. “घरात थोरला पावणा आला, की बारका पावणा उठून जातोय का न्हाय? तसंच हाय हे.” बाईला पटलं. तिच्या घरी पाहुण्यांची ये-जा असणार. तिसऱ्या गुरुवारी निकाल. महाराज स्वतःच्या हाताने पणतीभोवती पांढऱ्या भस्माचं रिंगण काढत, मंत्र म्हणत, आणि मुंगी त्या पणतीकडे फिरकतच नसे. साखर गेली. डॉक्टरची सुई बंद.

दक्षिणा ऐच्छिक होती. ऐच्छिक किती ते गणपतराव सांगत.

फौंड्रीच्या पत्र्याच्या भिंतीवर ‘महाराजांचे पैलवान’ अशी पाटी होती आणि खाली वीसेक बाळांचे फोटो. गाल फुगलेले, मनगटाला वळ्या, मान गायब. प्रत्येकाखाली तैलरंगात वजन. चार किलो दोनशे. चार किलो पाचशे. कोल्हापूरच्या माणसाला यातलं काय लागतं ते बाहेरच्याला सांगावं लागेल. आमच्याकडे पेठेपेठेला तालीम आहे. बाळ जन्मलं की इतर गावांत ते कुणासारखं दिसतं हे विचारतात, आमच्याकडे वजन विचारतात. अडीच किलो म्हटलं की विचारणारा विषय बदलतो. साडेचार म्हटलं की तो आपल्या दंडाकडे बघतो. बाळंतिणीने ते साडेचार किलो कसे बाहेर काढले, हे कुणी विचारत नाही.

आता माझी ओळख. मी अनेकांत चौगुले. उचगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. माझं गिऱ्हाईक तुटलं म्हणून मी महाराजांवर जळतो, असं गावात बोललं जायचं. थोडं खरं होतं. पण मी जळत होतो त्याचं कारण दुसरं होतं.

माझी धाकटी बहीण आदिती बिद्रीला दिलेली. तिचे सासरे दादासो, साखर कारखान्यातले जुने नोकरदार आणि त्याहून जुने पैलवान. २००१ साली पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, तेव्हा आम्ही तिला दोन जिवांचं खाऊ घातलं. डोहाळजेवण तर चार वेळा झालं. बाळ झालं चार किलो सहाशे. अख्खा वॉर्ड बघायला आला. दादासोंनी पेढे वाटले. नातवासाठी त्यांनी तळहाताएवढा लाल लंगोट शिवून आणला होता, तो दुपट्यावर ठेवून मी फोटो काढला. बाळ रात्रभर नीट प्यायलं नाही, थरथरत होतं. दमलंय, झोपू दे, असं सगळे म्हणाले. सकाळी ते गेलं.

दृष्ट लागली, असं ठरलं. मीही तेव्हा मान हलवली. माझी लॅब घरात होती. स्वयंपाकघरापासून माझं मशीन दहा पावलांवर होतं. गावातल्या शेकडो बायकांची साखर मी तपासली होती, आणि घरात नऊ महिने वावरणाऱ्या बहिणीचं बोट एकदाही टोचलं नव्हतं. घरचीच तर आहे, कधीही बघता येईल, असं वाटायचं.

म्हणून २००४ मध्ये आदितीला पुन्हा दिवस गेले आणि ती माहेरी आली, तेव्हा सहावा महिना संपताना मी तिला ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि दोन तासांनी रक्त घेतलं. आकडा आला एकशे शहाऐंशी. एकशे चाळीसच्या आत हवा होता. मी तो तीनदा करून बघितला. मशीनला माझी दया आली नाही.

आईला आणि आदितीला घेऊन मी डॉक्टर दीक्षा कांबळेंकडे गेलो. त्या त्याच बंद फौंड्रीतल्या, साचे करणाऱ्या एका मोल्डरच्या कन्या, शहरात स्वतःचं प्रसूतिगृह चालवतात. त्यांनी कागद बघितला आणि आदितीला पहिल्या बाळाचं वजन विचारलं.

“चार सहाशे,” आदिती म्हणाली. तीन वर्षांनीही तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

“मला काय त्रास न्हाय पण,” ती पुढे म्हणाली. “चक्कर न्हाय, काय न्हाय. साखर असती तर कळलं नसतं व्हय?”

“नाही कळत. हाच तर त्याचा वाईटपणा आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “पोटात बाळाची वार असते. तिच्यातून जे रस येतात, त्यांच्यामुळे आईचं इन्सुलिन नीट काम करत नाही. काहींचं शरीर जास्त इन्सुलिन बनवून निभावतं, काहींना ते जमत नाही. मग आईच्या रक्तातली जास्तीची साखर बाळाकडे जाते. बाळ ती जिरवायला स्वतः खूप इन्सुलिन बनवतं, आणि वाढतं. चरबीने वाढतं, ताकदीने नाही. जन्मल्यावर नाळ कापली की आईकडची साखर बंद होते, पण बाळाचं इन्सुलिन चालूच राहतं. त्याची साखर एकदम खाली येते. ते थरथरतं, नीट पीत नाही. आधीच माहीत असलं तर आम्ही लगेच दूध पाजतो, दर थोड्या वेळाने साखर बघतो, लागलं तर सलाईन देतो. आणि बाळ वाचतं.”

आदिती टेबलाकडे बघत होती.

“म्हंजे दृष्ट न्हवती,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी जेवणाचा कागद दिला, रोज चालायला सांगितलं. पंधरा दिवसांनी तेवढ्याने भागेना, म्हणून इन्सुलिन सुरू केलं. तिथे आई अडली.

आई म्हणजे राजमती. पाणी गाळल्याशिवाय पिणार नाही, दिवस मावळल्यावर खाणार नाही, केर काढताना जमिनीवर काय चालतंय ते आधी बघणार. रोज सकाळी मागच्या दारी ती पिठात साखर कालवून मुंग्यांना घालते. माझा सोळाशे रुपयांचा बूट त्या मुंग्यांच्या वाटेत आला, म्हणून तिने तो अंगणात फेकला होता.

“इन्सुलिन जनावराचं असतंय म्हणं,” ती म्हणाली.

“पूर्वी असायचं. हे तसं नाही. हे जनावरापासून काढत नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या. आईने मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. शेजारच्या शालूबाईंना हे पुरेसं होतं.

“राजूआक्का, पोरीच्या पोटात रोज सुया टोचताय? बाळाला लागलं मंजे? त्यापरीस मुंगीबाबाकडं चला. माझ्या भाचीची साखर तीन गुरुवारात गेली. मुंग्यांनी सांगितलं!”

जैन घरातली बाई असल्या जागी कशी गेली, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. जिच्या मांडीवर चार किलो सहाशेचं नातवंड गार झालं, ती बाई कुठेही जाते.

पहिल्या गुरुवारी मीही गेलो. आदितीच्या बाटलीबरोबर माझीही एक बाटली बायकोच्या नावाने दिली. बायको गरोदर नव्हती आणि बाटलीत आमच्या नळाचं पाणी होतं. अर्ध्या तासात त्या पणतीवर मुंग्यांची जत्रा भरली. महाराजांनी डोळे मिटून सांगितलं, “ह्या बाईच्या अंगात लई साखर हाय.”

घरी आल्यावर मी आईला विजयी सुरात सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“आसंल की नळाच्या पाण्यात बी साखर. आपल्या भागात एवढा ऊस हाय, झिरपत आसंल,” ती म्हणाली.

विज्ञानाची माझी सगळी पदविका त्या वाक्यापुढे उभी राहिली आणि खाली बसली.

दुसऱ्या गुरुवारी आदितीने काकवी प्यायली. त्या दुपारी तिची साखर दोनशे चौदा. तिसऱ्या गुरुवारी मी लॅब सोडून गेलो नाही. आई परत आली ती हसत. तीन वर्षांत तिला तसं हसताना मी बघितलं नव्हतं.

“एक मुंगी आली न्हाय, अनू! एक बी! शालूबाई साक्षीला हायत.”

“आई, काल तिची साखर दोनशेच्या वर होती. कागद दाखवू?”

“तुझा कागद मशीन लिवतंय. मुंग्या देवाच्या.”

महाराजांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. सुई बंद करायची, आणि भस्माची पुडी दिली होती ती बाळंतपणापर्यंत आदितीच्या खाटेभोवती रोज रिंगण काढून वापरायची. शिवाय एक गोष्ट त्यांनी मागून घेतली होती. पहिल्या बाळाचा फोटो. त्याच्यावरची दृष्ट उतरवल्याशिवाय दुसरं टिकणार नाही म्हणे. तो एकच फोटो होता, आईच्या इरकली लुगड्याच्या घडीत ठेवलेला. तिने तो दिला.

मी आदितीकडे गेलो. “तुला तर कळतंय. तू का ऐकतेस?”

“दादा, मागच्या वेळी मला कुणीच काय सांगितलं न्हाय,” ती म्हणाली. “ह्या वेळी तू येक सांगतोयस, आई येक सांगत्या. आणि आई रोज रात्री माझ्या पोटावर हात ठेवून जागी बसत्या. तिला झोप लागली काल. पयल्यांदा. मी काय करू?”

मी उठून फ्रिज उघडून बघितला. इन्सुलिनची बाटली आईने विसर्जन न करता फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ठेवली होती, एवढाच मला आधार होता. टाकायला तिचा हात धजला नव्हता.

शुक्रवारी, शनिवारी, रविवारी आदितीची साखर चढत राहिली. मी आकडे कॅलेंडरवर लिहीत गेलो. आई कॅलेंडरकडे पाठ करून स्वयंपाक करायची.

सोमवारी सकाळी मी दात घासत होतो. मागच्या दारातून आईने हाक मारली. आवाज विचित्र होता, म्हणून ब्रश तोंडात घेऊनच गेलो. ती आदितीच्या खाटेशेजारी गुडघ्यांवर बसली होती. खाट मागच्या खोलीत, तिच्या मुंग्यांच्या भिंतीला लागूनच होती. भस्माच्या रिंगणाच्या कडेने मुंग्या पडल्या होत्या. दहा-वीस नव्हे, ओंजळभर. काही उताण्या पडून अजून पाय हलवत होत्या.

“अनू,” ती म्हणाली, “ह्या आपल्या मागल्या दारच्या हायत. मी रोज घालतो ह्यास्नी.”

मी ब्रश काढला आणि तिच्याशेजारी वाकलो.

तिने केरसुणी मागितली नाही. हातानेच एकेक मुंगी उचलून पानावर घेतली. मग उठली, डब्यातून गुळाचा खडा आणला आणि रिंगणाच्या मधोमध ठेवला. दुसरा खडा रिंगणाबाहेर, वीतभर अंतरावर. आणि पाट घेऊन बसली. चहा ठेवला नाही, दळण पाखडलं नाही. तासाभराने बाहेरचा खडा काळा झाला होता. आतला तसाच पिवळा होता. एक मुंगी रेषेपर्यंत आली, वळवळली आणि पडली.

“गुळातली साखर गेली काय रं?” आई म्हणाली.

“न्हाय,” मी म्हणालो.

“साखर जाईत न्हाय. मुंग्या जात्यात.” ती खडा उचलून बघत राहिली. “देवाचा माणूस मुंग्या मारंल व्हय?”

मी भस्माची चिमूट हुंगली. दुकानात दोन रुपयांना मिळणारा मुंग्या मारायचा खडू आपण सगळ्यांनी वापरला आहे. खडू कुटून राखेत मिसळला की भस्म होतं. त्यातलं कीटकनाशक मुंगीला रेषा ओलांडू देत नाही. आणि ते विष आम्ही चार दिवस गरोदर बाईच्या खाटेभोवती पसरत होतो. आईने खोली तीनदा धुतली. मग फ्रिज उघडून दह्याच्या भांड्यामागून बाटली काढली आणि आदितीसमोर धरली. आदितीने स्वतःच्या हाताने सुई घेतली. त्या दुपारी डॉक्टर दीक्षांनी आम्हा तिघांना जे सुनावलं, ते इथे लिहीत नाही. आम्ही त्याला पात्र होतो.

गुरुवारी आई पहाटे उठली. पातेल्यात काहीतरी ढवळलं, बाटलीत भरलं आणि आम्हाला म्हणाली, “चला. तुमी काय बोलू नका.”

औदुंबराखाली गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. आईने बाटली गणपतरावांना दिली.

“मागल्या गुरुवारी आमचा तिसरा झाला. परत येकदा बघा की, साखर गेली का न्हाय.”

“कुणाचं पाणी?”

“आमच्या घरचं,” आई म्हणाली. ती खोटं बोलत नाही.

बाटलीतलं थोडं पाणी पणतीत गेलं. महाराजांनी रिंगण काढलं, मंत्र पुटपुटले. सगळ्या बायका माना लांब करून बघत होत्या. पंधरा मिनिटं गेली. मुंगी नाही. महाराजांनी दोन्ही हात वर केले.

“बघा! टिपूस साखर शिल्लक न्हाय! मुंगी बोलली!”

“टिपूस न्हाय?” आईने विचारलं.

“टिपूस न्हाय, आजी!”

आईने उरलेली बाटली उचलली, झाकण काढलं आणि सगळ्यांदेखत चार घोट प्याली.

जी किंकाळी उठली ती पार हायवेपर्यंत गेली असणार. एक बाई तोंडाला पदर लावून पळाली. शालूबाई खालीच बसल्या. “आगं बया! राजूआक्का! काय हे!”

आईने पदराने तोंड पुसलं.

“गोड हाय,” ती म्हणाली. “गाळलेल्या पाण्यात पाव किलो साखर घातलीया मी, पहाटं. महाराज म्हणत्यात, टिपूस न्हाय. ज्यास्नी खोटं वाटतंय त्यांनी चव घ्यावी.”

चव घ्यायला कुणी पुढे येईना, ते साहजिक होतं. मी दोन घोट घेतले. मग शालूबाईंनी डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. त्यांचे डोळे उघडले. “साखरच हाय की वं!”

महाराज क्षणभरच गडबडले. “माझ्या शक्तीनं साखर गेली! चव तेवढी मागं ऱ्हायली!”

आईने वाकून रिंगणातली पणती उचलली, दीड वीत बाजूला, झाडाच्या बुंध्याशी ठेवली, आणि शेजारी बसून राहिली. दहा मिनिटांत पणतीची कड काळी झाली. महाराजांच्या शक्तीचा पल्ला दीड वितीचा निघाला.

मग तिने रिंगणाच्या कडेच्या मेलेल्या मुंग्या तळहातावर घेतल्या आणि रांगेतून फिरली, प्रत्येकीला दाखवत. “पोरीनु, हे भस्म न्हवं, मुंग्यांचा खडू हाय. साखर हाय तिथंच हाय. तुमच्यात बी.”

गणपतराव लोखंडी पेटी उचलून निघाले होते. पेटीची कडी निसटली. आतून मुंग्यांच्या खडूची पुडकी पडली आणि पणत्यांच्या दोन चवडी. एक चवड कोरडी. दुसऱ्या चवडीतल्या पणत्या एकमेकींना चिकटलेल्या, काकवीत भिजवून वाळवलेल्या. माझ्या नळाच्या पाण्यात साखर कुठून आली ते तेव्हा आईलाही कळलं. पहिल्या गुरुवारची पणती चिकट, तिसऱ्या गुरुवारची कोरडी आणि भोवती विष. साखर त्यांनीच घातली आणि त्यांनीच काढली. बायकांच्या रक्तात काय चाललं होतं, त्याच्याशी दोन्हींचा काही संबंध नव्हता. खरं तर मुंगी प्रामाणिक असली, तरी लघवी हा रक्ताचा भरवशाचा साक्षीदारच नाही. रक्तात साखर वाढलेली असूनही लघवीत ती दिसेलच असं नसतं, आणि गरोदरपणात कधी उलटही होतं.

गलका सुरू झाला. कुणी गणपतरावांचं बखोट धरलं. तेवढ्यात मी पाहिलं, आदिती पत्र्याच्या भिंतीपाशी उभी होती, पोटावर हात ठेवून. महाराजांच्या पैलवानांमध्ये शेवटून दुसरा फोटो नवा होता. दुपट्यावर तळहाताएवढा लाल लंगोट. खाली ओल्या तैलरंगात वजन, ४ किलो ६००.

तिने खिळा उपसून फोटो काढला आणि गर्दीकडे वळली. ती मोठ्याने बोलणारी नाही. बायका ऐकायला जवळ सरकल्या.

“ह्यो माझा,” ती म्हणाली. “ह्येला कुणाचा प्रसाद न्हवता. मला साखर होती. कुणी बघितली न्हाय, मला बी म्हाईत न्हवतं. तुमी सगळी ह्येचे गाल बघून हितं आलाय. ह्यो येक रात्र जगला.”

ती थांबली. “बाकीच्या ह्या पोरांच्या आया कुठं हायत? त्यांस्नी कुणी इचारलंय?”

कुणीच विचारलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी आणि डॉक्टर दीक्षा त्यातल्या सात जणींपर्यंत पोचलो. दोघींची मुलं जगली नव्हती. एकीच्या मुलाचा खांदा बाळंतपणात अडकला होता, त्याचा उजवा हात उचलत नाही. बाकीची ठणठणीत होती, आणि त्यांच्या आयांनी महाराजांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. फोटो कुठून कुठून गोळा केलेले होते. महाराज त्या गुरुवारी दुपारीच उचगाव सोडून गेले. कुठेतरी दुसऱ्या झाडाखाली असतील.

शुक्रवारी सकाळी सात वाजता माझ्या लॅबच्या पायरीवर अकरा बायका बसल्या होत्या. सवयीने बाटल्या घेऊनच आल्या होत्या. मी म्हटलं, बाटल्या राहू द्या, बोट द्या. शालूबाई भाचीला धरून आणत होत्या, तीच भाची, जिची साखर मुंग्यांच्या साक्षीने गेली होती. आली एकशे ब्याण्णव.

मी विनवणी करणारा माणूस नाही, पण इथे करतो. दिवस गेले की पहिल्याच भेटीला रक्तातली साखर तपासून घ्या. ठीक आली तरी सहाव्या महिन्याच्या सुमारास ग्लुकोजचं पाणी पिऊन पुन्हा तपासा. काही त्रास होत नाही, म्हणून थांबू नका, त्रास होतच नाही. साखर निघाली तर त्यात बाईचा दोष नाही, पाप नाही. बहुतेकींची जेवण आणि चालण्याने आटोक्यात येते, उरलेल्यांना इन्सुलिन लागतं, आणि ती सुई बाळापर्यंत पोचत नाही. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी एकदा आणि पुढेही अधूनमधून तपासत राहा, कारण हा आजार परत येऊ शकतो. आणि कुणी पुरावा दाखवला, मग ती मुंगी असो, महाराज असो किंवा माझं मशीन असो, तर गुळाचा खडा घ्या आणि स्वतः तपासून बघा. माझी आई चौथी शिकलेली आहे. तिला तासभर पाटावर बसण्याखेरीज काही लागलं नाही.

फेब्रुवारीत आदितीला मुलगी झाली. डॉक्टर दीक्षांनी जन्मल्यावर लगेच तिला अंगावर पाजायला लावलं आणि दर दोन-तीन तासांनी टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर बघितली. पहिली रात्र आई खुर्चीवर बसून होती. ती झोपली नाही, आम्हीही नाही. सकाळी मुलगी भुकेने एवढी रडली, की शेजारच्या खोलीतले लोक उठून आले.

दुपारी बिद्रीहून दादासो आले. हात धुऊन, जुन्या पैलवानी थाटात पाळण्यावर वाकले. वजन विचारलं. दोन किलो नऊशे. त्यांचा चेहरा जरा पडला.

“बारीक हाय की,” ते म्हणाले.

आई पाळण्याची दोरी धरून बसली होती. तिने वर बघितलंही नाही.

“बारीक हाय,” ती म्हणाली. “पण हाय की.”